देव्हाऱ्यापुढचा ससा

अक्का गेल्यानंतर कधीतरी सशाची हनुवटी ओली राहू लागली. नेमकं कधी, ते मला सांगता येत नाही. त्या दिवसांत मी घरातल्या कुठल्याच गोष्टीकडे नीट पाहत नव्हते. पाणी पिताना भिजली असेल, असं आधी वाटलं. मग गळ्याखालचे केस चिकटून त्यांच्या बारीक वाती झाल्या. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूलाही तसंच झालं. तो पायाने तोंड पुसायचा, पाय ओला व्हायचा, आणि त्याच ओल्या पायाने तो पुन्हा तोंड पुसायचा.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही दोघी तंजावूरलाच जन्मलो, दोघींनीही लग्न केलं नाही, आणि आईवडील गेल्यावर त्याच वरच्या मजल्यावरच्या घरात राहिलो. ती शाळेत गणित शिकवायची, मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. घरात आम्ही आमची मराठी बोलायचो, तमिळच्या हेलाची, पुण्याकडच्या माणसाला हसू येईल अशी. देवनागरी वाचायला वडिलांनी दोघींनाही शिकवलं होतं, पण अक्काने ते लवकर सोडून दिलं. ती मराठीसुद्धा तमिळ अक्षरांत लिहायची. पुस्तकं माझी, स्वयंपाकही माझा. देव आणि ससा तिचे.

ससा मूळचा खालच्या मजल्यावरच्या तमिळ शेजारणीच्या, मामींच्या, नातवंडांचा. ती मुलं आईबापांबरोबर परदेशी गेली आणि ससा मागे राहिला. मामींना त्यांच्या लाल फरशीवर त्याच्या लेंड्या चालत नव्हत्या. अक्का एका सकाळी खाली गेली आणि त्याला पदरात गुंडाळून वर घेऊन आली. पांढरा, कान राखाडी. तिने त्याला नाव दिलं नाही. "अरे" म्हणायची. "अरे, सरक." "अरे, इकडं ये." तो यायचा. मी "अरे" म्हटलं तर कान हलवायचा आणि जागीच बसायचा.

अक्काला झटका आला तो उजव्या अंगावर. चेहऱ्याची उजवी बाजू उतरली. इस्पितळातून घरी आणल्यावर तिला भरवायचं काम माझं झालं. दहीभात अगदी मऊ कालवायचा, इडली ताकात कुस्करायची, चमच्याने डाव्या बाजूने तोंडात घालायची. त्यातलं निम्मं उजव्या कोपऱ्यातून बाहेर यायचं. मी टॉवेलने टिपायची. ती माझ्याकडे बघत राहायची. तिला काय म्हणायचं आहे ते मला कळायचं नाही. शेवटी शेवटी चमचा जवळ नेला की ती मान फिरवायची. "बरं, मग नंतर," असं म्हणून मी वाटी झाकून ठेवायची.

ती गेल्यावर पापनाशमहून अण्णा आला, आमचा मधला भाऊ. सगळं त्यानेच केलं. सुतकात आम्हा दोघांनाही देवांना हात लावता येत नव्हता, म्हणून खालच्या मामी अंघोळ करून ओल्या साडीने वर आल्या. त्यांनी देव्हाऱ्यातले देव एका धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधले आणि फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवले. आमचा गणपती पितळेचा, वीतभर उंचीचा, चांगला जड. बाकीचे देव त्याच्या भोवतीचे. तेरावं झाल्यावर जाताना अण्णा म्हणाला, "आता देव काढ अग. दिवा लाव."

"काढतें," मी म्हटलं.

मी काढले नाहीत. विश्वास नव्हता म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं असतं, पण तेही खरं नव्हतं. त्या खोलीत शिरलं की पुढे काय करायचं असतं ते मला ठाऊकच नव्हतं. अक्काची पूजा सोवळ्यातली. पहाटे अंघोळ करून ती खोलीचं दार ओढून घ्यायची आणि मी पारोशी, कॉफी आणि पेपर घेऊन मागच्या बाल्कनीत. इतकी वर्षं एका घरात राहून मी तिची पूजा कधी शेवटपर्यंत पाहिलेली नव्हती. ससा मात्र आत असायचा. मामी यावरून मला टोचायच्या. कॉलेजात काम केलेल्या कुणालाही त्या टीचरच म्हणतात. "काय टीचर," त्या तमिळमध्ये म्हणायच्या, "सशाला सोवळं आहे, तुम्हालाच नाही होय?"

आता अक्का नव्हती, देव फडताळात होते, आणि ससा रोज सकाळी त्या रिकाम्या देव्हाऱ्यापुढे जाऊन बसत होता. पुढचे पाय जवळ घेऊन, कान मागे टाकून, बराच वेळ. मामींनी ते पाहिलं आणि दारातच थांबल्या.

"अक्कांना शोधतोय," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आपल्या नणंदेलाही दाखवायला घेऊन आल्या. दोघी उंबऱ्यापाशी उभ्या राहून हळू आवाजात बोलत होत्या. नणंद म्हणाली, "माणसंसुद्धा इतकं करत नाहीत." मामी म्हणाल्या, "माणसं तर मुळीच करत नाहीत," आणि माझ्याकडे बघून गप्प झाल्या. मला राग आला नाही. मीही त्या वेळी खुर्ची घेऊन दाराशी बसू लागले होते. मांडीवर पुस्तक असायचं. तो काय बघतोय ते कळावं, एवढंच मला हवं होतं.

खाण्याचं बिघडलं ते त्याच सुमाराला. त्याला कोथिंबिरीची काडी दिली की तो ती तोंडात घ्यायचा, जबडा एकाच बाजूला दोनचार वेळा हलवायचा, मग थांबायचा. डोकं वाकडं करायचा, आणि अर्धवट चावलेला हिरवा ओला गोळा खाली टाकायचा. पुन्हा वास घ्यायचा. पुन्हा उचलायचा. ताटलीभोवती असे गोळे पडलेले असायचे. बीन्सची शेंग पुढच्या दातांत धरता यायची नाही, निसटायची. गाजर नुसतं ओलं होऊन राहायचं. हे सगळं मी यापूर्वी पाहिलं होतं, आणि कुठे पाहिलं होतं ते आठवायची गरज नव्हती.

मग मी तेच केलं, जे मला येत होतं. दहीभात मऊ कालवला. ताकात इडली कुस्करली. तो वाटीत तोंड घालून चाटू लागला तेव्हा मला इतकं हायसं वाटलं, की मी तिथेच फरशीवर बसून राहिले. भाताची शितं त्याच्या नाकाला, मिशांना, गळ्याला चिकटायची. मी टॉवेलने टिपायची. टॉवेल तोच होता. तो माझ्याकडे बाजूच्या एका डोळ्याने बघायचा.

मामी एकदा वाटी परत द्यायला आल्या आणि हे बघत उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अक्का असंच खात होत्या ना, शेवटी?"

"हो."

"मग."

त्या एवढंच म्हणाल्या आणि खाली गेल्या. त्या "मग"चं काय करायचं ते मला समजेना. मी शिकलेली बाई. आयुष्यभर पुस्तकं विषयवार लावली. असल्या गोष्टींचा कप्पा कुठला, हे मला पाठ होतं. तरीही त्या दुपारी मी सशाला उचलून उजेडात धरलं आणि त्याचा चेहरा निरखून पाहिला. उजवी बाजू उतरली आहे का, ते पाहत होते. उतरलेली नव्हती. मग मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटल्यावरही मी आणखी एकदा पाहिलं.

उचललं म्हणून कळलं की तो फार हलका झाला आहे. पाठीचा कणा बोटांना मण्यांच्या माळेसारखा लागत होता. भात तर रोज संपत होता. अर्धाअधिक टॉवेलवर आणि फरशीवर जात होता, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्या लेंड्याही पूर्वी वाटाण्याएवढ्या असायच्या, त्या आता मिऱ्यांएवढ्या, आणि तुरळक. तेव्हा मात्र मी घाबरले. अक्काच्या हातची, जिवंत, हलती अशी ती एकच गोष्ट घरात उरली होती. बाकी सगळ्या नुसत्या वस्तू होत्या.

गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला टेबलावर ठेवून सगळीकडून पाहिलं. "गाय आणा, कुत्रा आणा," ते म्हणाले. "सशाच्या तोंडात बघायचं साधन माझ्याकडे नाही. ओरत्तनाडूला जा." तिथे जनावरांचं मोठं इस्पितळ आहे.

झाकणाच्या वेताच्या टोपलीत त्याला घालून मी बसमध्ये बसले. शेजारची बाई लग्नाला निघालेली असावी, रेशमी साडी, डोक्यात भरपूर मोगरा. टोपलीतून कान दिसला तशी तिने विचारलं, "विकायला नेताय?"

"नाही. दात दाखवायला."

"कुणाचे?"

"याचे."

तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि मग पुढच्या सीटवरच्या नवऱ्याच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "ऐकलं का? सशाचे दात दाखवतात. आणि तुम्ही इतके महिने म्हणताय, दुखत नाही, दुखत नाही." नवऱ्याने मागे वळून बघितलं नाही.

ओरत्तनाडूची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने सशाला टॉवेलात घट्ट गुंडाळायला सांगितलं, ओठ वर करून पुढचे दात बघितले, मग दिव्याची एक बारीक नळी गालातून आत सारली आणि बराच वेळ डोळा लावून बसली. ससा हलला नाही. मीच हलले.

"दाढा वाढल्यात, अम्मा," ती म्हणाली. "खालच्या दाढांना आतल्या बाजूने टोकं आली आहेत. जिभेला लागतात. जिभेला जखम आहे. म्हणून तो उचलतो, चावतो आणि टाकतो. लाळही त्यामुळेच."

"दाढा वाढल्या म्हणजे?"

"सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. गवत चघळून चघळून ते झिजायचे असतात. त्याला काय देता?"

"दहीभात," मी म्हटलं. "इडली."

ती हसली नाही. तिने फक्त विचारलं, "का?"

खायला जमत नव्हतं म्हणून मऊ दिलं, असं मी म्हटलं असेन. ती म्हणाली, मऊ खाल्लं की दात झिजत नाहीत, झिजले नाहीत की आणखी खाता येत नाही. शिवाय दही आणि भात त्याच्या पोटाला सोसत नाही. मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "फक्त त्यानेच झालं असं मी म्हणत नाही. वय झालंय. जबड्याची ठेवणही थोडी वाकडी असेल. सांगता येत नाही."

"त्याची खाण्यावरची वासनाच गेली आहे, असं मला वाटलं होतं."

"नाही, नाही. त्याला भूक आहे. खाता येत नाही. ते वेगळं."

ती पुढे बरंच बोलली. गुंगी द्यावी लागेल, दाढा घासाव्या लागतील, या वयात गुंगीतून उठेलच असं खात्रीने सांगता येत नाही, नाही केलं तर मात्र उपासमारीने जाईल. मी मान हलवत होते. माझं अर्धं लक्ष तिच्या आधीच्या वाक्यापाशी राहिलं होतं. अक्का मान फिरवायची ते मला तेव्हा समजलं होतं, असं मी धरून चालले होते. नको म्हणते आहे, थकली आहे, निघायचं म्हणते आहे. मी वाटी झाकून ठेवत होते. ते नकोच होतं की जमत नव्हतं? या प्रश्नाचं उत्तर आता कुणाकडून येणार होतं? डॉक्टरकडे ते मागता येत नव्हतं. तिच्यासमोर ससा होता.

"अम्मा, करायचं का?"

बाहेर येऊन मी अण्णाला फोन केला.

"सशाला दातांचा डॉक्टर?" तो म्हणाला. "माझे वरचे दात काढून वर्ष झालं. कवळी बसवून घ्यायला मला सवड नाही. मला कोण पापनाशमहून ओरत्तनाडूला नेतंय?"

"अण्णा, तो गुंगीतून उठला नाही तर?"

"अक्काचा ससा आहे," तो म्हणाला. "मला काय विचारतीस. कर." आणि मग, जणू ते विसरून जाईल म्हणून, "देव काढलीस का?"

"नाही अजून."

"तुला जमत नसेल तर सांग. रविवारी येतों, पापनाशमला घेऊन जातों. देव असे बांधून ठेवायचे नसतात."

"बरं," मी म्हटलं. त्या क्षणी मी कशालाही बरं म्हटलं असतं.

ससा गुंगीतून उठला. डोळे उघडे, मान डुगडुगती, हनुवटी कोरडी केलेली. डॉक्टरने मला एक बिनसुईची सिरिंज दिली आणि पाण्यात कालवायची हिरवी भुकटी. पण ते आधाराला, असं तिने बजावलं. तो स्वतःहून काहीतरी चघळायला लागला पाहिजे. सशाचं पोट थांबून चालत नाही, ते थांबलं तर दाढा घासल्याचा काही उपयोग नाही. उद्या सकाळपर्यंत त्याने गवत तोंडात घेतलं नाही तर परत घेऊन या.

निघताना तिने विचारलं, "पूर्वी काय खायचा तो?"

"बहिणीला ठाऊक. ती द्यायची."

"काहीतरी चरबरीत खात असणार. रोज, भरपूर. नाहीतर इतकी वर्षं असे दात राहिले नसते."

परत येताना वाटेत मी गवत शोधलं. गवताचं दुकान कुठे असतं ते मला माहीत नव्हतं. एका गोठ्यापाशी भाताचा पेंढा मिळाला. घरी येऊन पेंढा त्याच्यापुढे टाकला. त्याने वास घेतला आणि त्याच्यावर बसला. मामींनी अगस्तीच्या, म्हणजे हादग्याच्या, पाल्याची जुडी पाठवली. त्यातलं एक पान त्याने ओठांत धरलं आणि तसंच धरून राहिला, पानाचा आपल्याला विसर पडल्यासारखा. मी सिरिंजने भरवलं. काही आत गेलं, काही गळ्यावर आलं. टॉवेल घेतला आणि परत ठेवून दिला. दुसरं फडकं घेतलं.

"अक्का त्याला काय द्यायची?" मी मामींना विचारलं.

"मला काय माहीत? तुम्ही वर राहता की मी?"

सकाळी मी उठले तेव्हा तो पेंढ्यावर नव्हता. हळूहळू, मागचे पाय ओढत, तो देव्हाऱ्याच्या खोलीत गेला होता आणि रोजच्या जागी बसला होता. पुढचे पाय जवळ, कान मागे. जबडा किंचित हलत होता, तोंडात काहीही नसताना. मी खुर्ची आणली नाही. खाली, त्याच्या शेजारी बसले. इतक्या दिवसांत मी त्याच्याकडे दारातूनच पाहत आले होते. खाली बसल्यावर जे दिसलं ते रिकामा देव्हारा नव्हता. देव्हाऱ्याच्या चौरंगाखाली, सशाच्या नाकासमोर, निर्माल्याची परडी होती.

ती परडी मी जन्मभर पाहिलेली. आदल्या दिवशीची फुलं अक्का तीत काढून ठेवायची. निर्माल्य पायदळी जाऊ द्यायचं नाही, कचऱ्यात टाकायचं नाही. ते नदीत किंवा झाडाच्या मुळाशी, असं मी धरून चालले होते. परडीची पलीकडची कड नीट होती. सशाकडची कड कुरतडून कुरतडून दातेरी झाली होती, आणि वेतांच्या फटीत वाळलेल्या दूर्वांचे तुकडे अडकलेले होते.

आमच्या गणपतीला अक्का रोज दूर्वांचा हार घालायची. चार पात्यांची जुडी नव्हे. इकडे देवळात घालतात तसा हातभर लांब, मनगटाएवढा जाड हार. फुलवाली तो सकाळी फाटकाला पिशवीत अडकवून जायची. तिच्याशी अक्काचं एकदाच भांडण झालेलं मला आठवतं. तिने केळीच्या सोपटाऐवजी दोऱ्याने हार बांधला होता. "दोरा नको, सोपटच पाहिजे," असं अक्का वरून खाली ओरडून सांगत होती, आणि मी बाल्कनीत बसून मनात म्हटलं होतं, काय हे सोवळं. ते सोवळं गणपतीसाठी होतं की सशाच्या पोटात दोरा जाऊ नये म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही. तिला विचारलं असतं तर तीही कदाचित म्हणाली असती, दोन्ही एकच की.

तिला झटका आला त्याच आठवड्यात मी फुलवालीला सांगितलं होतं, अक्का बरी झाली की कळवते. मग सुतक आलं. मग देव फडताळात गेले. कालचा हार नाही, म्हणून आज परडीत काही नाही. तो रोज सकाळी येऊन बसत होता, आणि आम्ही दारात उभं राहून त्याच्या दुःखाकडे बघत होतो.

मी तशीच जिना उतरून रस्त्यावर गेले. फुलवाली कोपऱ्यावरून वळत होती. "अरुगम्पुल हवं," मी म्हटलं. दूर्वांना इकडे तेच म्हणतात, जसं गणपतीला पिळ्ळैयार.

"सांगून ठेवल्याशिवाय कसं मिळेल? हे सगळे ठरलेल्या घरचे हार आहेत."

"मला आत्ताच हवा आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. न विंचरलेले केस, पायांत चप्पल नाही. मग तिने सायकलच्या टोपलीतून एक हार काढला. "शेवटच्या घरचा पिळ्ळैयार आज थोडी वाट पाहील. त्याला सवय आहे, ते लोक उशिरा उठतात." आणि विचारलं, "देव बसवले का परत?"

मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मला स्वतःला कळला नाही.

वर येऊन मी हार सशापुढे फरशीवर ठेवला. त्याने वास घेतला. एक पातं ओढलं, सोडलं. पुन्हा परडीकडे तोंड करून बसला. मी हार परडीत ठेवला. त्याने परडीत नाक घातलं, बाहेर काढलं, आणि वर बघितल्यासारखं केलं. ससे वर बघतात की नुसते वास घेतात, मला माहीत नाही. जीभ दुखत असेल. ताजं पातं कडक असेल, कालचं मऊ होत असेल. दूर्वा वाळल्या की त्यांचा वास बदलतो. मला ही सगळी कारणं सुचत होती, आणि माझे हात मात्र फडताळाकडे गेले.

अंघोळ झालेली नव्हती. तेवढ्यात मामी वर आल्या होत्या, सशाची खबर घ्यायला. त्यांनी माझ्या हातातलं गाठोडं पाहिलं.

"टीचर, अंघोळ?"

"नाही केली."

त्यांच्या चेहऱ्यावर बरंच काही येऊन गेलं. मग त्या दाराशीच बसल्या, पाय आत न घेता. "असू दे," त्या म्हणाल्या. "मी काही पाहिलं नाही."

मी गाठ सोडली. गणपती काळवंडला होता. मी त्याला चौरंगावर ठेवलं, परडीतला हार उचलून त्याच्या गळ्यात घातला. मंत्र येत नव्हते. दिवा लावायचं सुचलंच नाही. थोडा वेळ मी हात जोडून उभी होते, आणि कुणाकडे काय मागते आहे ते मला नीट माहीत नव्हतं. बहुधा एवढंच, की हा खाऊ दे. मग, एक दिवस थांबायचं असतं हे कळत असूनही, मी हार पुन्हा काढून परडीत ठेवला.

सशाने तोंड घातलं. एक पातं आत ओढलं, शेवयीसारखं, सरकत सरकत. जबडा आडवा हलू लागला, आधी एका बाजूला, मग थांबून दुसऱ्या बाजूला. ते पातं खाली पडलं. त्याने दुसरं घेतलं. तेही अर्धं पडलं. तिसरं गेलं. आवाज येत होता, कागद हळूहळू फाडावा तसा. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. बंद दाराआडून, बाल्कनीत, पेपर वाचताना मी तो रोज ऐकला होता, आणि अक्का काहीतरी पुटपुटते आहे असं समजले होते.

"खातोय," मामी म्हणाल्या.

"सांडतोय किती," मी म्हटलं.

"सांडू दे."

रविवारी येण्याआधी अण्णाने फोन केला. देव न्यायला पिशवी आणू की ट्रंक, असं विचारत होता.

"आणू नकोस," मी म्हटलं. "काढलें मी. बसवलें."

"बरं केलंस. दिवा लावतीस?"

"कधी लावतें, कधी विसरतें. हार मात्र रोज घालतें."

त्याला मामींनी काहीतरी सांगितलं असावं, त्यांच्याकडे त्याचा नंबर आहे. "खरं सांग," तो म्हणाला. "देवासाठी हार घालतीस की सशासाठी?"

मी देव्हाऱ्याकडे बघितलं. गणपतीच्या गळ्यात आजचा हार होता. कालचा परडीत होता, अर्धा संपलेला, सोपट बाजूला लोंबत होतं. फरशीवर ओले हिरवे तुकडे सांडले होते. पूर्वीपेक्षा कमी. हनुवटी अजून पूर्ण कोरडी झालेली नव्हती. डॉक्टरने सांगितलं होतं, काही महिन्यांनी दाढा पुन्हा घासाव्या लागतील, आणि पुढेही.

"मला माहीत नाही, अण्णा," मी म्हटलं.

"अक्काला तरी माहीत होतं का?"

तेही मला माहीत नव्हतं. "तूं ये," मी म्हटलं. "रविवारी ये. ओरत्तनाडूच्या वाटेवर दातांचा एक दवाखाना दिसला मला. माणसांचा. कवळीचं विचारू."

फोन ठेवून मी ओल्या फडक्याने फरशी पुसायला घेतली. तुकडे पायाखाली येऊ नयेत म्हणून आधी ते हाताने वेचले, आणि वेचलेले कुठे टाकायचे ते न सुचून पुन्हा परडीतच ठेवले.